उद्याचा भरवसा

सरकारी दफ्तरात शांतता नकारात मोजली जाते. ज्या दिवशी दगडफेक झाली नाही, जाळपोळ झाली नाही आणि लाठीमार करावा लागला नाही, त्या दिवसाच्या अहवालावर ‘किरकोळ घटना वगळता सर्वत्र शांतता’ असा शेरा पडतो आणि प्रशासनाच्या दृष्टीने तो दिवस संपतो. ही मोजणी निरर्थक म्हणता येणार नाही, कारण जिवाची शाश्वती नसेल तर पुढच्या कोणत्याही प्रश्नाला अर्थ उरत नाही. परंतु मीटरच्या दराने यंत्रमागावर राबणारा कामगार, बांधाच्या वादात वर्षानुवर्षे तालुक्याला खेटे घालणारा शेतकरी, गावाने वाळीत टाकलेले कुटुंब, दारूबंदीच्या मतदानासाठी रांगेत उभी राहणारी स्त्री आणि दोन बंदुकांच्या मध्ये लहानाचा मोठा झालेला माडिया आदिवासी तरुण यांची शांतता या शेऱ्यात मावत नाही. धंदा चालू राहावा, मोजणी एकदाची होऊन जावी, लग्नाकार्याचे बोलावणे यावे, नवरा शुद्धीत घरी यावा, बाजाराला जाऊन सुखरूप परत येता यावे, अशा साध्या अपेक्षांतून ही माणसे तिचा अर्थ सांगतात. वरवर पाहता या अपेक्षा एकमेकींपासून फार दूरच्या आहेत; तथापि त्या सगळ्यांच्या मुळाशी उद्याच्या दिवसावर विसंबून काही ठरवता यावे आणि ते ठरताना आपल्यालाही विचारले जावे, अशी दुहेरी मागणी आहे. महाराष्ट्राच्या गेल्या अर्धशतकाच्या अनुभवाकडे पाहिले, तर ही मागणी जेथे ऐकली गेली तेथे शांतता रुजली आणि जेथे ऐकली गेली नाही तेथे ती शेऱ्यापुरती उरली, असे दिसून येते.

या अनुभवातील सर्वांत बोलके प्रकरण भिवंडीचे आहे आणि ते सविस्तर पाहण्याजोगे आहे. ठाणे जिल्ह्यातील हे शहर नाना प्रदेशांतून आलेल्या माणसांचे आहे. जुने रहिवासी असलेले कोकणी मुसलमान, आसपासच्या गावांतील आगरी शेतकरी, उत्तर प्रदेशातून पिढ्यान्‌पिढ्या येत राहिलेले अन्सारी विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली आणि सुताचा व कापडाचा व्यापार करणारे गुजराती-मारवाडी अशी त्याची वस्ती आहे. देशातील यंत्रमागांचा फार मोठा हिस्सा एकट्या या शहरात एकवटलेला आहे. मे 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी येथे दंगल उसळली आणि तिचे लोण जळगाव व महाडपर्यंत पोहोचले. तिच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती मादन आयोगाने अनेक खंडांचा अहवाल दिला, जो आजही जातीय दंगलींच्या अभ्यासकांना वाचावाच लागतो. तरीही 14 वर्षांनी, मे 1984 मध्ये, भिवंडी पुन्हा पेटली. या वेळी आग ठाणे आणि मुंबईपर्यंत पसरली आणि अडीचशेहून अधिक माणसे मारली गेली. ‘संवेदनशील’ हे विशेषण या शहराला त्यानंतर कायमचे चिकटले.

दंगलीचा हिशेब बहुधा मृतांच्या आणि जखमींच्या आकड्यांत मांडला जातो. जिवंत राहिलेल्यांचे काय होते, हे कळण्यासाठी मागाच्या कारखान्यात डोकवावे लागते. सुताचा ताणा आधी सायझिंगमध्ये जातो, म्हणजे धागा मागावर तुटू नये म्हणून त्याला खळ लावली जाते, आणि मग तो बीम नावाच्या मोठ्या रुळावर गुंडाळला जातो. हा बीम मागावर चढवला की संपत आलेल्या बीमच्या हजारो धाग्यांशी नव्या बीमचे धागे एकेक करून सांधावे लागतात. त्यानंतर एक कामगार एकाच वेळी अनेक माग सांभाळतो, कांडी संपली की बदलतो, तुटलेला धागा जोडतो, आणि बारा तासांच्या पाळीत जेवढे कापड उतरेल तेवढ्या मीटरची मजुरी त्याच्या नावावर लागते. माग थांबला की मजुरी त्याच क्षणी थांबते. तेथे भरपगारी रजा नसते. संचारबंदी, म्हणजे ठरावीक काळ कोणालाही घराबाहेर पडण्यास केलेली मनाई, लागू झाली की विणकर खोलीत आणि बीम मागावर अर्धवट, अशी स्थिती होते. मालकाचे सुताचे पैसे अडकतात, व्यापाऱ्याची उचल थांबते, खानावळवालीची उधारी वाढते आणि गावाकडे जाणारी मनीऑर्डर चुकते. दाटीच्या वस्तीत शौचालय गल्लीच्या तोंडाशी असते आणि नळ त्याच्याही पुढे असतो, तेव्हा संचारबंदीचा पहिला फटका बायकांना बसतो, ही गोष्ट कोणत्याही चौकशी अहवालातून पुरेशी कळत नाही. संचारबंदी दोन तास शिथिल झाली की दूध, पीठ, औषध आणि शौचालय या चारही रांगा एकाच वेळी लागतात. अशा माणसाला शांतता म्हणजे काय असे विचारले, तर त्याचे उत्तर मागाच्या आवाजाशी जोडलेले असते, कारण बाहेरच्या माणसाला असह्य वाटणारा तो खडखडाट चालू असणे, हीच त्याच्या दृष्टीने सगळे ठीक असल्याची खूण असते.

या शहरात 1988 साली पोलिस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले. तोवर प्रत्येक पोलिस ठाण्याशी जोडलेल्या शांतता समित्या अस्तित्वात होत्या, परंतु त्यांत नगरसेवक, मोठे व्यापारी आणि दोन्ही समाजांचे स्वयंघोषित पुढारी बसत, सणांच्या तोंडावर चहापानासह एखादी बैठक होई आणि दंगल उसळली की त्याच पुढाऱ्यांपैकी काही जण आपापल्या गटाच्या पाठीशी उभे दिसत. खोपडे यांनी ही रचना बाजूला ठेवली आणि शहरात सुमारे 70 मोहल्ला समित्या उभ्या केल्या. प्रत्येक समितीत हिंदू आणि मुसलमान जवळपास सारख्या संख्येने घेतले आणि सदस्य निवडताना पुढाऱ्यांऐवजी रिक्षावाले, फेरीवाले, माग कामगार, छोटे दुकानदार आणि गृहिणी यांना पसंती दिली. समितीची जबाबदारी त्या भागातील पोलिसावरच टाकण्यात आली, त्यामुळे ज्या शिपायाला लोक एरवी लाठीसह पाहत असत, तोच त्यांच्यासोबत सतरंजीवर बसू लागला.

या बैठकांचे खरे वैशिष्ट्य त्यांच्या विषयांत होते. तेथे धर्मावर व्याख्याने होत नसत. तुंबलेले गटार, नळावरचे भांडण, नवरा-बायकोची कुरबूर, पोराने काढलेली छेड, भाड्याच्या खोलीचा वाद असे विषय येत आणि तेथेच निकाली निघत. एखाद्या बाहेरच्या माणसाला हे काम क्षुल्लक वाटेल, परंतु दंगलीची ठिणगी बहुतेक वेळा अशाच एखाद्या क्षुल्लक भांडणातून पडते, आणि त्या भांडणातील दोन्ही माणसे आधीपासून एकमेकांना नावाने ओळखत असतील तर ते भांडण दोन माणसांपुरतेच राहते, हे या पद्धतीमागचे मर्म होते. अफवा पसरली की समितीतील माणूस दुसऱ्या मोहल्ल्यातील ओळखीच्या माणसाला विचारून खरे-खोटे करू शकत असे. त्यासाठी त्याला वर्तमानपत्राची किंवा पुढाऱ्याची वाट पाहावी लागत नसे.

6 डिसेंबर 1992 रोजी अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मुंबईत डिसेंबरमध्ये आणि पुन्हा जानेवारी 1993 मध्ये ज्या दंगली झाल्या, त्यांत न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार 900 माणसे मृत्युमुखी पडली. तेथून काही मैलांवरची, दोनदा जळालेली, सर्वांनी जिच्याबद्दल धास्ती घेतली होती ती भिवंडी मात्र या दोन्ही वेळी शांत राहिली. खोपडे यांची तोपर्यंत बदली झाली होती, पण समित्या कामात होत्या, आणि बदलून गेलेल्या अधिकाऱ्यामागे व्यवस्था टिकली, हे या प्रयोगाच्या यशाचे सर्वांत मोठे गमक मानले पाहिजे. पुढे ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ या पुस्तकात खोपडे यांनी हा अनुभव मांडला. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातील शहरांच्या तुलनात्मक अभ्यासात, जो 2002 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, नागरी जीवनातील संबंधांचे दोन प्रकार केले आहेत. शेजारी सणाला एकमेकांकडे जातात, मुले एकत्र खेळतात, हा दैनंदिन संबंधांचा प्रकार. आणि व्यापारी मंडळ, कामगार संघटना, वाचनालय यांसारख्या ठिकाणी दोन्ही समाजांची माणसे एकत्र काम करतात, हा संघटित संबंधांचा प्रकार. पहिला प्रकार गोड असला तरी राजकीय वावटळीत तो टिकाव धरत नाही आणि दुसरा धरतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. भिवंडीत जुने संघटित संबंध पुरेसे नव्हते. ते हेतुपुरस्सर निर्माण करावे लागले आणि करता आले, म्हणून हे उदाहरण अभ्यासकांना मोलाचे वाटते. शेजारधर्मावर भिस्त ठेवून स्वस्थ बसणाऱ्या प्रत्येक शहराने ते मनावर घ्यायला हवे.

तथापि भिवंडीची कथा येथेच थांबवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जुलै 2006 मध्ये कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलिस ठाणे बांधण्याच्या वादातून येथे हिंसाचार झाला, गोळीबारात नागरिक मारले गेले आणि जमावाने दोन पोलिस शिपायांना ठार केले. हा संघर्ष दोन धर्मांतला नव्हता, पोलिस आणि मोहल्ला यांच्यातला होता, म्हणजे समित्यांनी जी भिंत पाडली होती तीच पुन्हा उभी राहिली होती. ज्या बैठका आठवड्या-पंधरवड्याला व्हायच्या त्या वर्षातून एकदा होऊ लागल्या आणि त्यांत पुन्हा ओळखीचे पुढारी दिसू लागले की समिती केवळ कागदावर राहते. शांततेचे काम दुरुस्तीच्या कामासारखे आहे. ते पूर्ण झाले असे कधीच म्हणता येत नाही आणि ते नीट चाललेले असताना कोणाच्या डोळ्यांतही भरत नाही. मारले गेलेले दोघे शिपाई हेही मजुरीवर घर चालवणाऱ्या कुटुंबांतूनच आले असणार, याची आठवण दोन्ही बाजूंनी ठेवायला हवी. गणपती, मोहरम, ईद आणि निवडणुका यांच्या बंदोबस्तात ज्याची साप्ताहिक सुटी वारंवार रद्द होते, त्या शिपायाच्या दृष्टीने शांतता म्हणजे ठरलेल्या दिवशी मिळालेली रजा असते.

मुंबईने दंगलीनंतर भिवंडीकडून हा धडा घेतला. तत्कालीन पोलिस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलिस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि शांतता कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने 1994 च्या सुमारास मोहल्ला कमिटी चळवळ सुरू झाली आणि वस्त्यांतील तरुणांचे व पोलिसांचे क्रिकेट सामने हा तिचा लोकांना सर्वांत भावलेला उपक्रम ठरला. धारावीत भाऊ कोर्डे आणि वकार खान या दोन मित्रांनी वेगवेगळ्या धर्मांच्या वेषातील मुलांचे एकत्र छायाचित्र असलेले भित्तिपत्रक काढून ते गल्लोगल्ली आणि पोलिस ठाण्यांत लावले. अंजली मोंटेरो आणि के. पी. जयशंकर यांनी ‘नाता’ या 2003 च्या माहितीपटात त्यांच्या या मैत्रीचे आणि कामाचे चित्रण केले आहे. एक मराठी आणि एक उत्तर भारतीय, दोन वेगळ्या धर्मांची माणसे दंगलीनंतरच्या धारावीत रोज सोबत फिरताना दिसत, याचा परिणाम भित्तिपत्रकाहून कमी झाला असेल असे वाटत नाही.

गावाकडे वळले की शांततेचा प्रश्न धर्माच्या वाटेने क्वचित आणि जमिनीच्या वाटेने नेहमी येतो. महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या आयुष्यातील सर्वांत दीर्घकाळ चालणारे युद्ध बांधावर लढले जाते आणि त्याची कारणे बहुधा कागदात असतात. जमिनीचे तुकडे होऊ नयेत म्हणून 1947 च्या कायद्यान्वये एकत्रीकरण योजना राबवली गेली. विखुरलेल्या तुकड्यांचे गट करण्यात आले आणि सातबाऱ्यावर नवे गट क्रमांक आले, परंतु अनेक ठिकाणी वहिवाट, म्हणजे प्रत्यक्ष कसण्याचा ताबा, जुन्याच जागी राहिली. परिणामी एकाच्या नावावरची जमीन दुसरा कसतो आणि दुसऱ्याच्या नावावरची पहिला, असे चित्र अनेक गावांत आहे. एका पिढीत हे सामंजस्याने चालते. वारस वाढले, विहीर खणायची झाली किंवा कर्जासाठी सातबारा लागला की वाद सुरू होतो. मग भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज पडतो, मोजणीदार येतो, खुणा रोवल्या जातात आणि रात्रीतून त्या उपटल्या जातात. पाणंद, म्हणजे शेतांमधून जाणारा पिढीजात गाडीरस्ता, नांगरून टाकला जातो आणि ऊस तोडून बाहेर काढायला वाट उरत नाही. त्यावर दाद मागण्यासाठी आजही 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचा आधार घ्यावा लागतो. अशा माणसाला शांतता म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. ऊस वेळेत बाहेर पडला, भावकीत बोलाचाली राहिली आणि तारखेसाठी तालुक्याला जाणे संपले, की ती त्याला मिळाली.

ही गरज शासनाने दोन वेळा ओळखली. जानेवारी 2023 मध्ये जाहीर झालेल्या सलोखा योजनेत, किमान 12 वर्षे एकमेकांची जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यांना परस्पर अदलाबदलीचा दस्त केवळ 1,000 रुपये मुद्रांक शुल्क आणि 1,000 रुपये नोंदणी शुल्क भरून करण्याची मुभा मिळाली. भांडणाच्या मुळाशी असलेली कागदाची चूक कागदानेच दुरुस्त करणारी ही योजना, तिच्या साधेपणामुळे, फार गाजली नाही. याउलट 15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम घराघरांत पोहोचली. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या कल्पनेतून आलेल्या या मोहिमेत ग्रामसभेने निवडलेली समिती दिवाणी, महसुली आणि फौजदारी स्वरूपाचे तंटे गावातच मिटवत असे आणि तंटामुक्त ठरलेल्या गावाला लोकसंख्येच्या प्रमाणात पुरस्काराची रक्कम मिळत असे. हजारो वाद या मार्गाने मिटले, कोर्टाच्या फेऱ्या वाचल्या आणि तंटामुक्ती अध्यक्ष हे पद गावकारभारात सरपंचाच्या बरोबरीने बोलले जाऊ लागले. मात्र तंट्यांची संख्या कमी दाखवण्यात पुरस्काराचे गणित गुंतले की दुर्बल बाजूवर मिटवून घेण्याचा दबाव येतो, हा धोका या रचनेतच होता. कायद्यानेही गुन्ह्यांचे तडजोडपात्र, म्हणजे दोन्ही पक्षांच्या संमतीने मिटवता येणारे, आणि बिगर तडजोडपात्र असे दोन भाग केले आहेत. मारहाण झालेल्या बाईला ‘घरातली गोष्ट घरात ठेवा’ असे सांगून जो तंटा कागदावर मिटतो, तो घरात चालूच राहतो.

नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ योहान गाल्टुंग यांनी शांतता या विषयाच्या अभ्यासाचा पाया घालताना केलेला भेद येथे उपयोगी पडतो. उघड हिंसा थांबली की जी अवस्था येते तिला त्यांनी नकारात्मक शांतता म्हटले आणि अन्यायाची मुळे दूर झाल्यावर येणाऱ्या अवस्थेला सकारात्मक शांतता. कोणी कोणावर हात उगारत नसतानाही समाजाच्या रचनेमुळेच काही माणसे खुरटत राहतात, त्या प्रकाराला त्यांनी 1969 च्या एका निबंधात संरचनात्मक हिंसा असे नाव दिले. रायगड-रत्नागिरीच्या काही गावांत गावकीने वाळीत टाकलेल्या कुटुंबाची स्थिती या व्याख्येचे जिवंत उदाहरण आहे. तेथे दगड पडत नाही, पोलिसांची गाडी येत नाही. परंतु गिरणीवाला दळण देत नाही, दुकानदार माल देत नाही, लग्नाचे आमंत्रण येत नाही, मृत्यू झाला तर खांदा द्यायला माणूस मिळत नाही, आणि त्या घराशी बोलणाऱ्याला दंड होतो. गाव शांत असते आणि त्या शांततेची सगळी किंमत एक घर मोजत असते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी 2013 पासून जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध लढा उभारला आणि 2016 साली सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवणारा स्वतंत्र कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तक्रार नोंदवणाऱ्या कुटुंबावर ‘गावाची शांतता बिघडवली’ असा ठपका ठेवला जातो. तीच भाषा 27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव झाला तेव्हाही ऐकू आली होती. त्या ठरावानंतर दलित वस्त्या जाळल्या गेल्या आणि प्रत्यक्ष नामविस्तार 14 जानेवारी 1994 पर्यंत लांबला. ज्याची झोपडी जळाली त्याला ‘वातावरण निवळू द्या’ असे साडेपंधरा वर्षे ऐकावे लागले, ही गोष्ट शांततेचे आवाहन करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

स्त्रियांच्या दृष्टीने शांततेचा प्रश्न अनेकदा संध्याकाळी सुरू होतो. दारू पिऊन येणाऱ्या माणसाच्या पावलांवरून पुढचे दोन तास कसे जातील याचा अंदाज बांधणे, मुलांना आधीच जेवू घालून झोपवणे, मजुरीचे पैसे पिठाच्या डब्यात लपवणे, या रोजच्या कसरतीत त्यांचे आयुष्य जाते. महाराष्ट्रातील नियमांनी या बायकांच्या हाती एक विलक्षण साधन दिले. गावातील किंवा प्रभागातील 25 टक्के स्त्री-मतदारांनी मागणी केली तर दारूच्या दुकानाबाबत मतदान घ्यावे लागते, आणि मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली अशी दोन चित्रे असतात. दुकान चालू राहावे असे वाटणारीने उभ्या बाटलीवर शिक्का मारायचा आणि बंद व्हावे असे वाटणारीने आडव्या बाटलीवर. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही क्षणात कळावी अशी ही रचना आहे. मात्र आडवी बाटली जिंकण्यासाठी झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण स्त्री-मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. याचा अर्थ ऊसतोडीला गेलेली, सासरी नांदायला गेलेली आणि यादीतून नाव न काढलेली मृत स्त्रीसुद्धा दुकानाच्या बाजूने मोजली जाते. म्हणून मतदानाच्या दिवशी मुंबई-पुण्याहून लेकी-सुनांना बोलावून आणणे, म्हाताऱ्या बायकांना उचलून मतदान केंद्रावर नेणे असे प्रकार घडतात. एरवीच्या निवडणुकीत अशी अट नसते. ती बायकांवरच का घातली गेली, याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदीची मागणी एका दुकानापुरती राहिली नाही. तेथील लोकांनी चळवळ करून 1993 साली संपूर्ण जिल्ह्यात दारूबंदी आणली, आणि चोरटी दारू अजूनही मिळत असली तरी बंदी उठवावी अशी मागणी झाली की गावेच्या गावे विरोधाचे ठराव करतात. याच जिल्ह्याच्या दक्षिण भागातील भामरागड, एटापल्ली, अहेरी या तालुक्यांत 1980 च्या दशकापासून नक्षलवादी चळवळ आणि पोलिस यांच्यातील संघर्ष चालला. रात्री दलम, म्हणजे नक्षलवाद्यांची सशस्त्र तुकडी, येऊन भात मागणार, नकार देता येणार नाही; सकाळी पोलिस येऊन भात कोणी दिला ते विचारणार, उत्तर टाळता येणार नाही; आणि तालुक्याच्या बाजाराला कोण कोणाशी बोलले यावरून खबऱ्या ठरवले जाण्याची भीती दोन्हीकडून, अशा अवस्थेत तेथील माडिया आणि गोंड कुटुंबांनी दशके काढली. तेंदूपानाच्या हंगामात, मे महिन्याच्या उन्हात, पहाटेपासून पाने तोडून त्यांचे पुडके बांधायचे आणि फळीवर, म्हणजे खरेदी केंद्रावर, न्यायचे, हीच वर्षातील रोख कमाई; पण त्या कमाईवरही कंत्राटदार, दलम आणि सरकारी यंत्रणा या सगळ्यांची नजर असे. नक्षलवाद्यांना गावात प्रवेश नाकारण्याचा ठराव करणाऱ्या गावांना विकासनिधी देणारी गावबंदी योजना शासनाने आणली. परंतु ठराव करणाऱ्या गावाच्या रक्षणाला रात्री कोणी हजर नसे, त्यामुळे निधीचा फलक लावणे हेच काही गावांना धोक्याचे झाले.

याच जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने मात्र वेगळी वाट काढली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा राज्यभर माहीत झाली, पण तिच्यामागची पद्धत कमी लोकांना ठाऊक आहे. तेथील ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही. एकाही माणसाचा विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीवर ठेवला जातो आणि सर्वांना पटेपर्यंत बोलणे चालू राहते. वेळखाऊ वाटणाऱ्या या पद्धतीचा फायदा असा की हरलेला पक्ष गावात शिल्लक राहत नाही आणि बाहेरच्या कोणालाही त्या नाराजीचा उपयोग करून घेता येत नाही. देवाजी तोफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासगट चालवून कायदे समजून घेतले आणि 2009 साली वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याचे नाव आले. बांबू विकून आलेल्या पैशांचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवला जातो आणि त्या हिशेबावर कोणीही प्रश्न विचारू शकतो.

दक्षिण गडचिरोलीत आता चित्र पालटते आहे. 2025 च्या पहिल्याच दिवशी एटापल्ली तालुक्यातील गर्देवाड्यापर्यंत एसटी पोहोचली, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये माओवादी पक्षाच्या सर्वोच्च नेत्यांपैकी एक असलेल्या भूपतीने सुमारे साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. आजारी माणसाला खाटेवर घालून मैलोन्‌मैल चालत नेणाऱ्यांना एसटीची किंमत सांगावी लागत नाही, आणि शेकडो कुटुंबांच्या उरावरचे ओझे उतरले आहे, हे मान्य न करणे कोत्या मनाचे होईल. एटापल्ली तालुक्यातीलच सूरजागडच्या डोंगरात लोहखनिजाचे मोठे साठे आहेत. तेथे 2016 च्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी खाणीवरची डझनावारी वाहने जाळली होती, आणि आता कडक बंदोबस्तात उत्खनन वेगाने चालू आहे. काही तरुणांना तेथे नोकऱ्या मिळाल्या आहेत. त्याच डोंगरावर ठाकूरदेवाचे स्थान असून परिसरातील गावे दर वर्षी तेथे यात्रेला जमतात आणि त्यांतील अनेक ग्रामसभांनी खाणींना विरोध करणारे ठराव केले आहेत. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला विशेष अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा आणि 2006 चा वनहक्क कायदा हे दोन्ही तेथे लागू आहेत. बंदुका खाली आल्यानंतर त्या ठरावांचे कागद जिल्हा मुख्यालयात कोणत्या टेबलावर ठेवले जातात आणि त्यांना उत्तर कोण देते, याकडे एटापल्लीतील ग्रामसभांचे लक्ष लागलेले आहे.